मूळ : मद्य

धनाजीची तपासणी कांचननं स्वतः करायला नको होती. सोनोग्राफी सेंटरमध्ये दुसरी टेक्निशियन होती, तिच्याकडे पाठवता आलं असतं. पण कुपवाडच्या कारखान्यातून बसभर माणसं एकदम वार्षिक तपासणीला आली होती, रांग जिन्यापर्यंत गेली होती, आणि पडदा सारून आत आला तो तिचाच नवरा.

"बाईसाहेब, कुठं झोपू?" त्यानं थट्टेनं विचारलं.

"घरी झोपता तसंच. शर्ट वर घ्या."

तिनं जेल लावलं, बरगडीखाली प्रोब टेकवला आणि यंत्राच्या पडद्याकडे बघितलं. बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

यकृत पांढरं दिसत होतं.

सोनोग्राफी म्हणजे मुळात आवाज टाकायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. कानाला ऐकू न येणारा आवाज पोटात शिरतो, जे लागेल त्यावर आपटून परत येतो, आणि परतलेल्या आवाजाचं करडं चित्र पडद्यावर उमटतं. निरोगी यकृत शेजारच्या मूत्रपिंडाच्या जवळपासच करडं असतं. त्यात चरबी साठली की ते उजळ दिसायला लागतं. पुढे आत व्रण पडले की ते निबर होतं, त्याची कड खडबडीत होते. जुन्या यंत्रांची धाव इथंच संपायची. चरबी आहे, व्रण आहेत, एवढं ती सांगायची. कशामुळे, ते सांगायची नाहीत. दारू, मधुमेह, वाढलेलं वजन, काविळीचा विषाणू, एखादं औषध, शरीरात साठत जाणारं लोह किंवा तांबं, कारणं ढीगभर आणि चित्र मात्र बहुतेक सारखंच. मग डॉक्टर रक्त तपासायचे, खोदून खोदून विचारायचे, वेळ पडली तर सुईनं यकृताचा कण काढायचे. आणि पेशंट खोटं बोलायचे.

दोन हजार चाळीसच्या दशकात मूळदर्शक नावाचं यंत्र आलं आणि हे सगळं बदललं. चरबीचे थेंब केवढे आहेत, व्रणांची जाळी कुठल्या शिरेभोवती विणली गेली आहे, असले माणसाच्या डोळ्याला न दिसणारे फरक ते परतलेल्या आवाजातून वेचायचं, लाखो यकृतांच्या नोंदींशी ताडून पाहायचं आणि अहवालाच्या तळाशी एक ओळ छापायचं. 'मूळ' आणि त्यापुढे कारण, खात्रीच्या टक्केवारीसह. हे यंत्र यकृताखेरीज दुसरं काही, गर्भसुद्धा, दाखवतच नसल्यामुळे ते चालवायची परवानगी टेक्निशियनलाही मिळाली होती. मिरजेत ते पहिल्यांदा आणलं डॉ. वर्षा मगदूम यांनी, आणि पहिल्या दिवसापासून ते चालवलं कांचननं.

तिचा त्या यंत्रावर विश्वास होता तो काही भाबडा नव्हता. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणाऱ्या माणसाच्या गाडीच्या डिकीत बाटली सापडलेली तिनं पाहिली होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांना गावानं दारुडा ठरवलं होतं; त्यांचं यकृत सांधेदुखीच्या गोळ्यांनी बिघडलंय असं यंत्रानं सांगितलं, गोळ्या बंद झाल्या आणि यकृत सुधारलं. ते पेढे घेऊन आले होते. यंत्र कुणाची बाजू घेत नाही, असं ती नवीन मुलींना शिकवताना सांगायची.

अहवाल आला. मूळ : मद्य, ७४ टक्के.

"काय झालं गं?" धनाजीनं मान उचलून विचारलं.

"कधीपासून पिताय परत?"

धनाजी उठून बसला. पोटावरचं जेल पुसायचंही त्याला सुचलं नाही. "मी? कांचन, शुद्धीवर आहेस का? जुई पाचवीत होती तेव्हा सुटली ती. तुला माहीत नाही?"

"मला माहीत होतं. आता हे बघा."

त्यानं पडद्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. पडद्याबाहेर पुढचा माणूस खोकला.

---

जुईच्या लहानपणी घरात काय काय घडलं होतं ते कांचन विसरली नव्हती. पडवीत कोसळलेला धनाजी, शेजाऱ्यांनी उचलून आणलेला धनाजी, सकाळी पाय धरून रडणारा धनाजी. नंतर तो खरोखरच सुटला होता. दर गुरुवारी व्यसनमुक्तांच्या बैठकीला जायचा, आणि सीट कव्हरचं कृत्रिम कातडं बनवणाऱ्या कारखान्यात लागल्यापासून तर माणूस जणू नव्यानं उभा राहिला होता. इलेक्ट्रिक बसच्या सीटवर बसलं की जुईला म्हणायचा, "हात लावून बघ. आमच्या शेडमधलं असंल."

आता कांचननं घर पालथं घातलं. माळा, पाण्याच्या टाकीमागची सांद, त्याच्या बुटांची खोकी. काही सापडलं नाही. तो कामावरून आला की ती काहीतरी निमित्त काढून जवळ जायची. दारूचा वास नसायचा. यायचा तो शेडचाच, मासळीसारखा, हलका. पण पिणारा माणूस वास लपवायला शिकतो हे तिच्याइतकं कोण जाणत होतं?

"आई, तू बाबांना हुंगतेस," जुई एकदा म्हणाली. बारावीला होती ती. "मला बघवत नाही."

"तुला काय आठवतंय तेव्हाचं?"

"सगळं आठवतंय. म्हणून तर सांगतेय. तेव्हाचे बाबा असे नव्हते."

अहवाल कारखान्याकडेही गेला होता. कारखान्यानं त्याला काढलं नाही. व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन या, मग पुन्हा कामावर घेऊ, असं सांगितलं. धनाजीनं आधी साफ नकार दिला. मग एका संध्याकाळी कांचन म्हणाली, "माझ्यासाठी जा." तो गेला.

दोन महिन्यांनी केंद्रातल्या समुपदेशकाचा फोन आला. "ताई, अभिनंदन. त्यांनी कबूल केलं. चोरून घेत होतो म्हणाले." कांचननं फोन ठेवला आणि ओट्याशी उभी राहून रडली. त्यात दुःख होतं, पण खरं सांगायचं तर सुटकाही होती. आपण वेडे नव्हतो, यंत्र वेडं नव्हतं.

परतल्यावर तिनं त्याला पुन्हा तपासलं. यकृताचा पांढुरकेपणा निम्म्यानं उतरला होता. यकृत हा मोठा सोशिक अवयव. त्रास देणारी गोष्ट थांबवली की तो स्वतःला दुरुस्त करत जातो. पडद्यावरचं चित्र बघून डॉ. मगदूमही खूश झाल्या. "बघा सावर्डेकर, सोडली की कसा फरक पडतो!" त्या धनाजीला म्हणाल्या.

घरी जाताना कांचननं विचारलं, "एवढं कबूल करायला इतके दिवस का लावलेत?"

"कबूल केल्याशिवाय बाहेर सोडत नव्हते," तो म्हणाला.

ते उत्तर तिला नीट ऐकूच आलं नाही. किंवा ऐकून घ्यायचं नव्हतं.

---

धनाजी पुन्हा शेडमध्ये रुजू झाला. पावसाळा गेला, दिवाळी आली. तो थकलेला दिसायला लागला, जेवण कमी झालं. त्यानंतरच्या तपासणीत यकृत पहिल्यापेक्षाही उजळ निघालं आणि कडेला निबरपणाची सुरुवात दिसली. मूळ : मद्य, ८१ टक्के.

कांचन त्या दिवशी त्याच्याशी भांडली नाही. घरी येऊन तिनं त्याची बॅग भरली. तो कामावरून आला तेव्हा बॅग दारात होती.

"एकदा कबूल केलंत तेव्हा मी सगळं गिळलं," ती म्हणाली. "पुन्हा नाही. जुईची परीक्षा आहे. आरगला तुमच्या ताईंकडे जा."

"कांचन, माझ्याकडं बघून सांग. मी प्यायलेला दिसतोय?"

"मला काय दिसतंय त्याला अर्थ नाही. यंत्राला दिसतंय."

धनाजीनं बॅग उचलली. जुई मधल्या दारात उभी होती. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवायला पुढे झाला आणि मध्येच थांबला, जणू तोही हक्क आपल्याला उरला आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती. तो गेल्यावर जुई खोलीत गेली. त्यानंतर ती आईशी कामापुरतंच बोलायची.

---

शकीला मुजावर सेंटरमध्ये आली तेव्हा दोन महिने उलटले होते. तीही त्याच कारखान्यातली, त्याच शेडमध्ये तयार कातड्याचे ताके तपासणारी. पोटात उजव्या कुशीला जड वाटतं म्हणून आली होती. कांचननं प्रोब टेकवला आणि तेच पांढरं यकृत पडद्यावर उमटलं. मूळ : मद्य, ७७ टक्के.

कांचननं अहवाल वाचला तसा मोठ्यानं सांगितला. शकीलाला आधी कळलंच नाही. कळल्यावर ती उठून बसली आणि ओढणीनं पोट झाकून घेतलं.

"ताई, नाव बघा. दुसऱ्या कुणाचं आलंय."

"तुमचंच आहे."

"मी? दारू?" शकीलाला हसू फुटलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. "हे घरी दाखवलं तर माझं काय होईल ठाऊक आहे? आणि आमच्या शेडमधला कुणी पिऊच शकत नाही, ताई. पुरुषसुद्धा."

"पिऊ शकत नाही म्हणजे?"

"सोसतच नाही. एका पोराच्या लग्नात घोट घोट घेतला मिक्सिंगवाल्यांनी, तर सगळ्यांची तोंडं लालभडक, छातीत धडधड, उलट्या. आम्ही म्हटलं बाटलीच खराब असंल. पण दुसऱ्या खात्यातल्यांनी तीच घेतली, त्यांना काही नाही. तेव्हापासून शेडमधले हात लावत नाहीत. त्यांच्या बायका शेडला दुवा देतात."

कांचनच्या हातातला प्रोब तसाच राहिला. धनाजीही मिक्सिंगलाच, रसायनं कालवायच्या कामाला होता.

तिनं शकीलाला बसवून ठेवलं आणि थेट डॉ. मगदूम यांच्या खोलीत गेली. डॉक्टर आधी वैतागल्या. पेशंट काहीही सांगतात, हे वाक्य त्या अर्धं बोलल्या आणि थांबल्या. "तोंड लाल होतं म्हणाली? शेडमध्ये काय वापरतात?"

"प्लास्टिक विरघळवायला एक सॉल्व्हंट असतो. डीएमएफ म्हणतात ते. अंगाला मासळीसारखा वास येतो त्याचा." तोच वास ती रोज हुंगत आली होती.

डॉ. मगदूम यांनी संगणकावर डीएमएफची माहिती काढून वाचली. मग त्यांनी कांचनला खुर्चीवर बसायला सांगितलं.

"हा पदार्थ श्वासातून जातो, त्याहून जास्त कातडीतून. हातमोजे फाटके असले तरी पुरे. यकृताला सूज आणतो, चरबी साठवतो. आणि दारू पचवण्याची शरीरातली जी यंत्रणा आहे तीच अडवून धरतो, म्हणून घोटभर घेतली तरी माणूस लाल होतो."

"मग यंत्रानं मद्य का सांगितलं?"

"कारण त्याला हे कारण कुणी शिकवलेलंच नाही. ज्या लाखो यकृतांवर ते शिकलं त्यात या शेडसारखी माणसं नव्हती. त्याच्याकडे ठरावीक खण आहेत: मद्य, साखर, विषाणू, औषधं. समोर येईल ते त्याला कुठल्यातरी खणात टाकावंच लागतं. या विषाची खूण दारूच्या खुणेशी सगळ्यात जास्त जुळते, म्हणून ते मद्य म्हणतं. आणि आम्ही... मी सह्या केल्यात, कांचन. सगळ्यांवर."

त्या कारखान्यातून आलेल्यांचे जुने अहवाल दोघींनी काढले. मिक्सिंग, कोटिंग अशा शेडमधल्या कामांवरच्या माणसांत जवळजवळ सगळ्यांचं मूळ मद्य निघालं होतं. कचेरीत बसणाऱ्यांत एकाचंही नाही.

"तुमच्या मिस्टरांचा आलेख सगळ्यात महत्त्वाचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "शेडमध्ये बिघडलं, बाहेर दोन महिने राहिले तर सुधारलं, पुन्हा आत गेले तर बिघडलं. असा पुरावा दुसऱ्या कुणाचा नाही."

कांचनला केंद्रातून आलेला फोन आठवला, आणि कबूल केल्याशिवाय बाहेर सोडत नव्हते, हे त्याचं उत्तर. आता ते तिला स्वच्छ ऐकू आलं.

---

आरगला धनाजी बहिणीच्या द्राक्षबागेत काम करत होता. तो शेडवर परत गेला नव्हता. ज्या नोकरीनं घर मोडलं तिथं पाय टाकवत नाही म्हणाला होता. चेहरा उजळला होता, अंगात थोडं मांस आलं होतं. कांचननं बांधावर उभं राहूनच सगळं सांगितलं. सॉल्व्हंट, खण, शकीला. तो छाटणीची कात्री हातात धरून ऐकत राहिला.

"शेडमधली बाकीची पोरं?" त्यानं पहिलं हेच विचारलं. "अजून आतच आहेत?"

"आहेत. तक्रार केलीय डॉक्टरांनी. चौकशी लागलीय. तुम्हाला यावं लागेल."

"येतो."

"आणि मी... चुकलं माझं. फार चुकलं."

धनाजी खाली बसला. "तू विचारलंस तेव्हा मी खरं सांगितलं होतं. तू विचारलंस मला आणि उत्तर घेतलंस यंत्राकडून. आज आलीस तेही त्याची चूक सापडली म्हणून. सापडली नसती तर?"

कांचन त्याच्यासमोर बांधावर टेकली.

"एक गोष्ट ऐकून घे," तो म्हणाला. "तू बॅग दारात ठेवलीस त्या रात्री मी प्यायलो. स्टँडजवळ. इतकी वर्षं सांभाळलेलं सगळं गेलं होतं, मग म्हटलं आता कुणासाठी? दोन घोट घेतले असतील. तोंड पेटल्यासारखं झालं, छाती फुटतेय असं वाटलं, गटारीवर ओकलो. वाटलं, देवानं हात धरला. आज कळतंय, देव नव्हता, शेडच होती." तो कडवट हसला. "ते विष अंगात नसतं तर मी तिथून उठलो नसतो, कांचन. तुझं यंत्र खरं ठरलं असतं."

---

चौकशी सांगलीला झाली. कारखाने खात्याच्या अधिकारी बाईंसमोर एका बाजूला डॉ. मगदूम, शकीला, शेडमधली आठदहा माणसं; दुसऱ्या बाजूला कारखान्याचे डॉक्टर आणि वकील. शेड तात्पुरती बंद करायची की नाही एवढाच त्या दिवसाचा प्रश्न होता, पण आत काम करणाऱ्यांसाठी तोच सगळा प्रश्न होता.

कारखान्याच्या डॉक्टरांनी धनाजीचाच अहवाल उचलला. "मॅडम, ज्या आलेखावर हा सगळा डोलारा उभा आहे तो एका जुन्या व्यसनी माणसाचा आहे. केंद्रात त्यानं स्वतः कबुली दिली आहे. केंद्रात दारू मिळाली नाही म्हणून सुधारला, बाहेर मिळाली म्हणून बिघडला. यात शेड कुठे आली?"

अधिकारी बाईंनी कांचनकडे बघितलं. "या काळात ते तुमच्याबरोबर राहत होते. ते पीत नव्हते असं तुम्ही सांगू शकता?"

"हो. पीत नव्हते."

वकील उठले. "पण तुम्हीच त्यांना पिण्यावरून घराबाहेर काढलंत. तेव्हा खात्री होती, आता उलटी खात्री आहे. नवीन पुरावा काय मिळाला?"

कांचननं टेबलाची कड धरली. "काहीच नाही. मला तेव्हाही सगळं माहीत होतं. मी घर उपसलं, एक झाकणसुद्धा सापडलं नाही. रोज वास घेतला, आला नाही. ते वेळेवर घरी यायचे, मुलीचा अभ्यास घ्यायचे. बाटलीबरोबर मी पूर्वी संसार केलाय, साहेब, तो कसा असतो मला ठाऊक आहे. हा तसा नव्हता. माझी मुलगी मला हेच सांगत होती. मी डोळ्यांनी बघितलेलं बाजूला ठेवलं आणि छापून आलेलं मानलं. पुरावा माझ्या घरात होता. मीच तो धरला नाही."

धनाजी उभा राहिला.

"मला एक सांगायचंय. मी एकदा प्यायलोय."

डॉ. मगदूम यांनी डोळे मिटून घेतले. वकिलाच्या चेहऱ्यावर हसू आलं. धनाजीनं ती रात्र सांगितली, काही न लपवता. स्टँड, दोन घोट, पेटलेलं तोंड, गटार. "तेही लिहून घ्या," तो म्हणाला. "केंद्रात खोटं बोललो ते सुटायला. आता इथं खोटं बोलायचं नाही."

अधिकारी बाईंनी लिहिलं. मग त्यांनी शेडमधल्या माणसांना विचारलं, घोट घेतल्यावर तुम्हालाही असं होतं का? एकेक जण होय म्हणाला. शकीलानं लग्नातली गोष्ट सांगितली. कारखान्याच्या डॉक्टरांना तोंड लाल होण्याचं कारण विचारलं तेव्हा त्यांनी कागद चाळायला घेतले, आणि वकिलाचं हसू मावळलं.

संध्याकाळी शेड बंद ठेवायचा हुकूम निघाला. तो तात्पुरता होता. पुढे बरंच काही व्हायचं होतं, काहींची यकृतं तोवर परत न येण्याइतकी निबर झाली होती. यंत्र बनवणाऱ्यांनीही नंतर एक बदल केला. आता ते कधीकधी 'कारण सांगता येत नाही' असं छापतं. पेशंटना ते आवडत नाही.

बाहेर आल्यावर सगळे पांगले. आरगच्या बसच्या थांब्यावर दोघंच उरले.

"घरी चला," कांचन म्हणाली. "जुई वाट बघतेय."

"उद्या मी खरंच प्यायलो तर तुला कळेल?"

तिनं विचार केला. "नाही कळणार कदाचित."

"मग?"

"मग विचारीन. आणि तुम्ही सांगाल ते धरून चालेन."

बस लांबून येताना दिसली. धनाजीनं पिशवी खांद्याला लावली. "लगेच राहायला यायचं माझ्याच्यानं होणार नाही," तो म्हणाला. "दारात ठेवलेली बॅग अजून डोळ्यापुढून जात नाही. पण रविवारी येतो. जेवायला."

"काय करू?"

"काहीही कर. तेल कमी घाल," तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.